पीएच.डी. नंतर एलएल.बी.: प्रवेश बी.एस्सी.वर मिळतो, पुढचं काम प्रबंधावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम. एस. युनिव्हर्सिटीतून सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली आहे, वय ३४, बी.एस्सी.ला ५८ टक्के, सध्या बडोद्यातच कंत्राटी पद्धतीने शिकवता. तीन वर्षांची एलएल.बी. करायचं मनात आहे. डॉक्टरेटचा प्रवेशाला किती उपयोग होईल, अर्जात काय लिहायचं, अमेरिकेतल्या जे.डी. या कायद्याच्या पदवीचा विचार करावा का, आणि घरचे म्हणतात तसं पुन्हा वर्गात बसण्याचं वय निघून गेलं आहे का?

मी याच वाटेने आले. रसायनशास्त्रात पीएच.डी., मग एलएल.बी., आणि गेली बरीच वर्षं बडोद्यात राहून पेटंटचं काम. असा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येत असतं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजांची यादी केलेली असते, पण एलएल.बी. झाल्यावर रोज सकाळी उठून नेमकं कोणतं काम करायचं आहे, हे ठरवलेलं नसतं. ते ठरलं की प्रवेशाचे प्रश्न बरेच सोपे होतात. काही जणांच्या बाबतीत तर एलएल.बी.ची गरजच उरत नाही. म्हणून प्रवेशाचे नियम आधी उरकते आणि मग कामाकडे वळते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिच्यात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. तुम्ही पात्र आहात. पण पात्र आहात ते बी.एस्सी.मुळे. एम.एस्सी.चा फर्स्ट क्लास आणि पीएच.डी. यांनी या हिशोबात काही भर पडत नाही. जिथे पदवीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते, तिथे तुमचे तेव्हाचे ५८ टक्के आजच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्केवाल्या मुलांच्या रांगेत उभे राहतात. हे ऐकून पीएच.डी. झालेल्या माणसाला वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. तरी नियम तसा आहे आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

यातून निघणारी व्यावहारिक गोष्ट अशी की जिथे प्रवेश परीक्षा असते, तिथे तुमची बाजू जास्त बळकट आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांची एलएल.बी. सुरू केली आहे. तिची स्वतःची परीक्षा आहे आणि त्यात लिहिण्याचाही भाग असतो. दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेवर होतो, महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा एमएच-सीईटीवर. आणि तुमच्यासारख्यांनी आवर्जून बघावी अशी जागा म्हणजे आयआयटी खरगपूरचं राजीव गांधी स्कूल ऑफ इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी लॉ. तिथली एलएल.बी. मुळात विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. क्लॅटच्या मागे लागू नका. ती बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणि एलएल.एम.साठी असते. बडोदा सोडणं शक्य नसेल तर एम. एस. युनिव्हर्सिटीची लॉ फॅकल्टी आहेच. शिकवणं इंग्रजीत, फी सरकारी विद्यापीठाची, आणि परिसर तुमच्या ओळखीचा. बडोद्याच्या आसपास खासगी विद्यापीठांतही लॉ आहे. तिथे पैसे भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे ना, एवढं स्वतः तपासा.

वयाचं. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला ३० वर्षांची वयोमर्यादा घालण्याचा प्रयत्न बार कौन्सिलने २०१६ मध्ये पुन्हा एकदा केला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वर्गात चाळिशीतले बँकवाले, निवृत्त पोलीस अधिकारी, दोन मुलांच्या आया सगळे असतात. ३४ हे तिथे वयच नाही.

हजेरी मात्र गांभीर्याने घ्या. एलएल.बी. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन करता येत नाही आणि नियमाने सत्तर टक्के उपस्थिती लागते. ‘ॲडमिशन घ्या, यायची गरज नाही’ असं सांगणारी कॉलेजं भेटतील. अशा ठिकाणाहून घेतलेली पदवी पुढे सनद काढताना अडचणीत आणू शकते. २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून नोकरी, एकाच वेळी दुसरा अभ्यासक्रम आणि हजेरी यांबद्दल लेखी घोषणा घ्यायला सांगितलं आहे. तुमचं कंत्राटी काम दुपारचं असेल आणि लॉचे वर्ग सकाळी, तर विभागप्रमुखांकडून ना हरकत पत्र घ्या आणि कॉलेजला खरं ते सांगा. ज्यांची पीएच.डी. अजून चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे, व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होऊ द्या, मग लॉला नाव घाला. दोन नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी चालवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

आता कामाचं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

रसायनशास्त्राची पीएच.डी. झालेल्या माणसाला कायद्याकडे यावंसं वाटतं तेव्हा दहापैकी आठ वेळा त्याच्या मनात पेटंट असतं. बडोद्यात तर ते साहजिकच आहे. १९०७ पासूनचं अलेम्बिक, कोयलीची रिफायनरी, खतांचा जीएसएफसी कारखाना, नंदेसरीची केमिकल वसाहत, आणि औषध कंपन्यांची संशोधन केंद्रं. या शहरात रसायनशास्त्र भाकरी देतं. पण पेटंट एजंट व्हायला एलएल.बी. लागत नाही, हे किती तरी जणांना ठाऊकच नसतं. पेटंट कायदा १९७०, कलम १२६: भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, आणि पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण. बस. परीक्षेत दोन पेपर शंभर-शंभर गुणांचे. पहिला कायदा आणि नियमांचा, दुसरा स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं कायदेशीर वर्णन, लिहिण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा. शिवाय पन्नास गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात किमान पन्नास आणि एकूण साठ टक्के. अडचण एकच आहे, ही परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही. २०१८ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ च्या जानेवारीत. म्हणून जाहिरात निघेल तेव्हा अभ्यासाला बसू असं म्हणू नका. आजपासून कायदा वाचायला घ्या. नोकरी करत, एकही वर्ग न बुडवता ही तयारी होते.

पेटंट एजंट अर्ज तयार करतो, क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ते) लिहितो, पेटंट कार्यालयाचा फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट आला की त्याला सहा महिन्यांच्या आत उत्तर देतो, अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे कंट्रोलरपुढे, सुनावणीला उभा राहतो. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. सुनावण्या आता बहुतांशी व्हिडिओवर होतात, त्यामुळे कारेलीबागेतल्या घरात बसूनही हे काम चालतं. कंपनीत पगारी नोकरी करत असतानाही एजंट म्हणून नाव नोंदलेलं राहतं. तुमच्या मनात हेच काम असेल, तर तीन वर्षं एलएल.बी.ला देण्याआधी एजंटची परीक्षा द्या, एखाद्या कंपनीच्या आयपी (बौद्धिक संपदा) विभागात किंवा फर्ममध्ये वर्षभर काम करा, आणि मग ठरवा.

मग मी एलएल.बी. का केली? कारण एजंटचा अधिकार कंट्रोलरच्या दारापाशी संपतो. अर्ज फेटाळला गेला तर अपील कुठे जातं ते बघा. आधी चेन्नईला मुख्यालय असलेलं अपील मंडळ होतं. २०२१ मध्ये ते बंद झालं आणि ती सगळी प्रकरणं उच्च न्यायालयांकडे गेली. तिथे बाजू मांडायला वकीलच लागतो. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि प्रतिवादीने ‘मुळात पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला की कलम १०४ प्रमाणे दावा उच्च न्यायालयात जातो. म्हणजे भांडणाचा खरा गाभा, ‘हे नवीन आहे का, जाणकार माणसाला सहज सुचलं असतं का’, हा जिथे ठरतो तिथे फक्त शास्त्र येणारा माणूस मागच्या खुर्चीत बसतो आणि पुढे बोलणाऱ्याला चिठ्ठ्या पाठवतो. माझ्याच लिहिलेल्या क्लेमचा बचाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, आणि त्यात रेणूची रचना चुकीची सांगितलेली ऐकायची, हे मला सहन होत नसे.

नोव्हार्टिसचा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही मुळातून वाचा. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिकरूपावर पेटंट मागितलं होतं. कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, त्याची ज्ञात परिणामकारकता वाढवत नसेल तर तो शोध नाही. न्यायालयाने सांगितलं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. स्फटिक जास्त स्थिर आहे, चांगला वाहतो, ओलावा कमी धरतो, यांनी काम भागत नाही. आता तुमच्यासारखा पॉलिमॉर्फ (एकाच पदार्थाची वेगवेगळी स्फटिकरूपं) आणि ती तपासणाऱ्या एक्सआरडी, डीएससी या पद्धती यांच्यात वर्षं घालवलेला माणूस हा निकाल वाचतो तेव्हा त्याला दोन्ही बाजू दिसतात. कोणता प्रयोग केला असता तर परिणामकारकतेचा पुरावा उभा राहिला असता, हे त्याला कळतं. कायद्याच्या चौकटीत तो पुरावा कुठे आणि कधी ठेवायचा हे कळायला मात्र कायदाच शिकावा लागतो. निकाल वाचून संपल्यावर तुम्हाला आणखी वाचावंसं वाटलं, तर एलएल.बी. करा. कंटाळा आला तर एजंटची परीक्षा पुरेशी आहे, आणि त्यातही काही कमीपणा नाही.

पेटंटखेरीज दोन क्षेत्रं आहेत. पर्यावरणाच्या खटल्यांत नमुना कुठून घेतला, कोणत्या पद्धतीने तपासला, सीओडीचा, म्हणजे सांडपाण्यातल्या प्रदूषणाच्या मापाचा, आकडा कशामुळे वर गेला, हे समजणारे वकील फार थोडे आहेत. नंदेसरीपासून अंकलेश्वरपर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. या भागात असे वकील खरोखर हवे आहेत, कारखान्यांनाही आणि गावांनाही. दुसरं, फौजदारी खटल्यातली तज्ज्ञ साक्ष. आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येते, जुन्या पुस्तकांत ती कलम ४५ म्हणून सापडेल. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले आहेत, म्हणून सेकंडहँड पुस्तकं घेताना जपून. फॉरेन्सिक अहवालाची उलटतपासणी घेणारा रसायनशास्त्रज्ञ वकील समोर असला की साक्षीदाराला मोघम उत्तरं देऊन सुटता येत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की जिल्हा न्यायालयात कामकाज मुख्यतः गुजरातीत चालतं. आपण बडोद्याची मराठी माणसं गुजराती बोलतो अस्खलित, पण दावा, जबाब, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) गुजरातीत लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते आधीपासून कमवावं लागतं.

विज्ञानाबाहेरच्या विषयात पीएच.डी. असलेल्यांना, पदवीही विज्ञान किंवा अभियांत्रिकीची नसेल तर, पेटंट एजंटची वाट नाही. अर्थशास्त्रवाल्यांनी स्पर्धा कायद्याकडे, समाजशास्त्रवाल्यांनी कामगार आणि जमीन कायद्याकडे बघावं.

काही दारं जवळपास बंद आहेत तीही सांगून टाकते, कारण क्लासवाले ती सांगत नाहीत. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) होण्यासाठी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. एलएल.बी.ची तीन आणि वकिलीची तीन धरली तर तुम्ही चाळिशीला टेकता, आणि या पदाच्या वयोमर्यादा सर्वसाधारणपणे त्याच्या अलीकडेच संपतात. सात वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीशाची थेट भरती असते. तिचाही हिशोब आजच मांडून ठेवा. दुसरं, कायदा शिकवणं. रसायनशास्त्राची पीएच.डी. अधिक एलएल.बी. यांनी लॉ फॅकल्टीत साहाय्यक प्राध्यापक होता येत नाही. तिथे एलएल.एम. आणि कायद्यातली नेट हवी. आणि तिसरं, पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवून सनद ठेवता येत नाही. बार कौन्सिलचा नियम ४९ त्याबद्दल स्पष्ट आहे. पुढे कायम प्राध्यापकी मिळाली तर वकिली थांबवावी लागेल. सनदेच्या खर्चाची चिंता नको. २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपुरतंच घ्यायला सांगितलं, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम.

वर्गात बसल्यावर पीएच.डी. मदत करते आणि आडवीही येते. वाचनाचा दम, संदर्भ शोधण्याची सवय, लांब मजकुरातून मुद्दा काढणं, हे तुमच्याकडे आयतं आहे. पण लिहिण्याची सवय मोडावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम २ मध्ये म्हटलं आहे की वादपत्रात महत्त्वाची तथ्यं मांडावीत, ती सिद्ध करणारा पुरावा नव्हे. पीएच.डी.वाल्याचा हात पहिल्या परिच्छेदातच पुरावा, संदर्भ आणि शंका ओतायला लागतो. तसंच, प्रयोगशाळेत चांगला नवा पेपर जुन्याला बाजूला सारतो. न्यायालयात दोन न्यायाधीशांना पाच न्यायाधीशांचा निकाल पटला नाही तरी तो मानावाच लागतो. आणि सिद्धतेचं माप वेगळं. दिवाणी दाव्यात कुठलं पारडं जड हे बघतात, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. ‘अजून प्रयोग हवेत’ असं म्हणून न्यायाधीशाला प्रकरण सोडून देता येत नाही, त्याला निर्णय द्यावाच लागतो. मला हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागला, आणि त्याबद्दल आदरही तेव्हाच वाटायला लागला.

अर्जात काय लिहायचं? बहुतेक सरकारी कॉलेजांत निवेदन मागतच नाहीत, गुण आणि दाखले पुरतात. परदेशी अर्जाला आणि जिथे मुलाखत असते अशा जागांना मात्र याचा उपयोग होतो. ‘संशोधनामुळे माझी विश्लेषणक्षमता विकसित झाली’ हे वाक्य लिहू नका. पीएच.डी. झालेला प्रत्येक जण तेच लिहितो आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तुमच्या संशोधनातून निघालेला एक खरा कायदेशीर प्रश्न सांगा. समजा तुमच्या प्रयोगशाळेने एखादं उत्प्रेरक शोधलं, परिषदेत पोस्टर लावलं, आणि मग कळलं की अर्जाआधी जाहीर केल्याने पेटंटची वाट अवघड झाली. किंवा कंपनीच्या पैशाने झालेल्या कामावर विद्यापीठाचा हक्क किती, यावर वाद झाला आणि करारातलं एक कलम कुणी नीट वाचलेलंच नव्हतं. असं काही घडलं असेल तर त्याचं नेमकं वर्णन करा, त्यात तुम्हाला काय कळलं नाही ते लिहा, आणि ते शिकायला येतोय असं म्हणा. तसं घडलं नसेल तर रचून लिहू नका.

प्रबंधाचा विषय दोन वाक्यांत, बी.कॉम. झालेल्या मावशीला कळेल असा मांडा. बी.एस्सी.च्या ५८ टक्क्यांबद्दल कारण असेल तर एका ओळीत द्या, त्यापुढे सारवासारव नको. मुलाखतीत ‘संशोधन का सोडता?’ हा प्रश्न नक्की येतो. नोकऱ्या नाहीत म्हणून, हे खरं असलं तरी अर्धंच उत्तर आहे. कायम जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटावर वर्षं जातात, याची तुमची चीड मला समजते आणि ती योग्य आहे. पण नुसत्या तिच्या जोरावर तीन वर्षं फौजदारी प्रक्रिया, मालमत्ता हस्तांतरण आणि प्रशासकीय कायदा वाचून होत नाही. गाइडचं शिफारसपत्र घेत असाल तर त्यांना सांगा, प्रकाशनांची यादी देण्यापेक्षा तुम्ही कसं वाचता, कसं लिहिता, प्रतिकूल निकाल आला तेव्हा तो कसा नोंदवलात, यावर लिहा. कायद्याच्या शाळेला त्यातून बरंच कळतं.

अमेरिकेबद्दल. तिथे जे.डी. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, कोणत्याही विषयाची पदवी चालते. पीएच.डी.चं तिथेही असंच आहे. लॉ स्कूलं जो पदवीचा सरासरी गुणांक धरतात तो पहिल्या पदवीचा असतो, डॉक्टरेटचे ग्रेड त्यात येत नाहीत. भारतीय पदवी असेल तर अर्ज गोळा करणारी संस्था, एलएसएसी, आकडा काढतच नाही. ती तुमच्या गुणपत्रिकेचं मूल्यमापन करून ‘सरस’, ‘सरासरीपेक्षा वर’ अशा श्रेणी देते. त्यामुळे एलसॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेचं वजन वाढतं. ती १२० ते १८० गुणांची परीक्षा आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून तिच्यातली कोड्यांची लॉजिक गेम्स गेली, आता तर्कनिष्ठ युक्तिवाद आणि उताऱ्यांचं आकलन एवढंच उरलं. शोधनिबंध वाचून घडलेल्या माणसाला हे सोयीचं आहे. बरीच लॉ स्कूलं जीआरईही स्वीकारतात, पण एकदा एलसॅट दिली की तो स्कोअर त्यांना दिसतोच.

मोठा फरक पैशाचा आहे. विज्ञानातल्या पीएच.डी.ला तिथे फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. जे.डी.ला तसं नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर मिळाली, नाहीतर कर्ज. एक वर्षाची एलएल.एम. स्वस्त पडेल असं वाटतं, पण तिला साधारणपणे आधी कायद्याची पदवी लागते, म्हणजे तुम्हाला ती आत्ता उपलब्धच नाही. आणि परत येऊन भारतात वकिली करायची म्हटलं तर परदेशी पदवीधरांना बार कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिथेच राहायचं पक्कं असेल, पेटंटमध्येच जायचं असेल आणि एलसॅट उत्तम गेली, तर जा. तिथल्या पेटंट फर्म्सना पीएच.डी. झालेले रसायनशास्त्रज्ञ हवे असतात. बडोद्यात राहायचं असेल, आई-बाबांकडे बघायचं असेल, तर आधी इथली एलएल.बी. आणि गरज पडली तर नंतर तिथली एलएल.एम., हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

घरच्यांच्या ‘अजून किती शिकणार’ बद्दल. बडोद्याच्या मराठी घरात हा प्रश्न ऐकून मला नेहमी बाबासाहेब आठवतात. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले, अर्थशास्त्राचं संशोधन केलं, १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परत येऊन याच शहरात नोकरीला लागले. या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. आज सयाजीबागेत ज्याला संकल्पभूमी म्हणतात तिथे लोक त्या प्रसंगाच्या आठवणीने जमतात. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली आणि मुंबईत वकिली सुरू केली. अर्थशास्त्र त्यांनी सोडलं नाही, वकिलीत आणि पुढे सगळ्या कामात ते वापरलं. तुमच्या घरच्यांना हे सांगा, आणि त्याबरोबर पैशांचा हिशोबही कागदावर मांडून दाखवा. तीन वर्षं शिक्षणाची, त्यानंतर ज्येष्ठ वकिलाकडे किंवा फर्ममध्ये शिकण्याची वर्षं, ज्यांत पैसे थोडेच मिळतात. घरभाडं, हप्ते, मुलांची फी कोण भरणार हे नवरा-बायकोने, आई-बाबांसमोर बसून स्पष्ट बोलून घ्यावं. पेटंट एजंटचं काम हाताशी असेल तर ही वर्षं निभावून नेता येतात, म्हणूनही मी ती परीक्षा आधी द्या म्हणते.

शेवटी कागदपत्रं. गुजरात बोर्डाच्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधार किंवा पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी वेगळा. दहावी, बी.एस्सी., पीएच.डी., आधार आणि पासपोर्ट यांवरची नावं आत्ताच शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील तर सोगंदनामा पुरेल की गॅझेटमध्ये नाव बदलावं लागेल, हे कॉलेजला आणि बार कौन्सिल ऑफ गुजरातला, दोन्हीकडे विचारून घ्या. प्रवेश एका नावाने आणि सनद दुसऱ्या नावाने, असं झालं की महिने जातात. बी.एस्सी. दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचे दाखले लागतील. शिक्षणात मध्ये गेलेल्या वर्षांचा खुलासा मागतील, त्यासाठी पीएच.डी.च्या नोंदणीचं पत्र आणि नोटिफिकेशन दोन्ही जपून ठेवा. परदेशी अर्जाचा जरासाही विचार असेल तर सीलबंद ट्रान्सक्रिप्टची मागणी आजच टाका, कारण बी.एस्सी.च्या त्या जुन्या नोंदी विद्यापीठाला शोधून काढाव्या लागतात.